काळ्या शाईचा कवि : मारिओ जाकोमेल्ली

इटलीचें नांव घेतलें कीं सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम उभे राहतात ते तिचे चित्रकार आणि मूर्तिकार. लिओनार्दो, मायकेलएंजेलो, रॅफेल हीं नांवें आपल्याकडील शाळकरी मुलालाहि ठाऊक असतात. रंग आणि संगमरवर यांची एवढी मोठी मिरास ज्या देशांत पिढ्यान् पिढ्या चालत आली, त्या देशांत छायाचित्रासारख्या, यंत्राच्या पोटीं जन्मलेल्या कलेला मान मिळावा तरी कसा? कॅमेऱ्याची कळ कोणींहि दाबावी आणि समोर असेल तें कागदावर उतरावें. त्यांत कलावंताचें कर्तृत्व तें काय, असें विचारणारे लोक सर्वच देशांत होते आणि अजूनहि आहेत. या प्रश्नाला विसाव्या शतकांत इटलींतून जें एक अत्यंत ठाम उत्तर मिळालें, तें कोणा पंडितानें दिलेलें नव्हतें. तें दिलें एका लहानशा गांवांतील छापखानेवाल्यानें. त्याचें नांव मारिओ जाकोमेल्ली.

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, एड्रियाटिक समुद्राच्या कांठीं मार्के नांवाचा प्रांत आहे. किनाऱ्यापासून थोडें आंत गेलें कीं टेकड्या लागतात, आणि त्यांच्या उतारांवर नांगरलेल्या शेतांचे तुकडे गोधडीसारखे एकमेकांस जोडलेले दिसतात. मिसा नदी जेथें समुद्रास मिळते तेथें सेनिगाल्लिया हें गांव वसलेलें आहे. पोप नववा पायस हा १७९२ सालीं याच गांवीं जन्मला. इटलीचा थोर कवि लेओपार्दी हाहि याच प्रांतांतील रेकानाती गांवचा. जाकोमेल्ली १ ऑगस्ट १९२५ रोजीं सेनिगाल्लियांत जन्मला आणि २५ नोव्हेंबर २००० रोजीं सेनिगाल्लियांतच वारला. त्याचीं चित्रें न्यूयॉर्कपर्यंत पोंचलीं. त्याचें बिऱ्हाड मात्र त्या गांवांतून कधीं हललें नाहीं.

मारिओ नऊ वर्षांचा असतांना वडील वारले आणि तीन मुलांचा भार एकट्या आईवर पडला. मारिओ त्यांत थोरला. आई गांवांतील वृद्धाश्रमांत धुणें धुण्याच्या कामाला लागली. ज्यांना घर नाहीं, किंवा घर असूनहि ज्यांना घरांत जागा उरलेली नाहीं, अशा म्हाताऱ्यांचीं अंथरुणें-पांघरुणें धुऊन तिनें मुलांना वाढविलें. तिच्याबरोबर मुलगाहि त्या इमारतींत येई-जाई. सुरकुतलेले चेहरे, ओळीनें मांडलेल्या खाटा, आणि दाराकडे लागून राहिलेले डोळे हें सारें त्यानें अशा वयांत पाहिलें, कीं ज्या वयांत इतर मुलें चित्रांचीं पुस्तकें पाहतात. पुढें त्याच्या कलेंत जो काळोख आला, त्याचें मूळ शोधावयास फार दूर जाण्याचें कारण नाहीं.

तेराव्या वर्षीं शाळा सुटली आणि मारिओ गांवांतल्या एका छापखान्यांत उमेदवारी करूं लागला. खिळे जुळविणें, शाईचा रूळ फिरविणें, छापलेला ताव उजेडांत धरून पाहणें, या कामांत त्याचें बालपण संपलें. उरल्या वेळांत तो चित्रें काढी आणि कविता करी. १९५० च्या सुमारास त्यानें स्वतःचा छापखाना काढला. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. भांडवल दिलें तें कोणा सावकारानें नव्हे, तर वृद्धाश्रमांतील एका म्हातारीनें. जिची अंथरुणें त्याची आई धुवीत असे, अशा एका आश्रमवासी बाईनें आपली सांठविलेली शिल्लक या तरुणाच्या हातीं ठेविली. ‘तीपोग्राफीया मार्किजाना’ या नांवाचा तो छापखाना हाच पुढें जन्मभर त्याच्या पोटापाण्याचा धंदा झाला. लग्नपत्रिका, पावत्या, जाहिराती यांची छपाई हा त्याचा व्यवसाय. छायाचित्रण हें सुटीच्या दिवसाचें काम. कीर्ति मिळाल्यावरहि हा क्रम त्यानें मोडला नाहीं.

१९५२ च्या नाताळांत त्यानें बेंचीनी कंपनीचा ‘कॉमेट’ नांवाचा एक स्वस्त कॅमेरा विकत घेतला आणि तो समुद्रकांठीं गेला. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांचें जें चित्र त्या दिवशीं मिळालें, त्यांतच पुढील जाकोमेल्लीचीं लक्षणें दिसतात. पाणी जसें डोळ्यांना दिसतें तसें तें तेथें नाहीं. काळ्या-पांढऱ्या ओरखड्यांसारखें तें कागदावर उमटलें आहे. वस्तूची नक्कल करण्यापेक्षां वस्तूचा आपल्या मनावर उठलेला ठसा उमटवावा, ही ओढ त्याला पहिल्या दिवसापासून होती.

सुदैवानें सेनिगाल्लियांतच त्याला गुरु भेटला. जुझेप्पे काव्हाल्ली हा मूळचा दक्षिणेकडील लुचेरा गांवचा. शिक्षणानें वकील, पण वृत्तीनें छायाचित्रकार आणि मोठा साक्षेपी विचारवंत. १९४७ सालीं त्यानें ‘ला बुस्सोला’ म्हणजे होकायंत्र या नांवाचें छायाचित्रकारांचें मंडळ स्थापिलें होतें. छायाचित्र ही कला आहे, आणि चित्राचा विषय क्षुद्र असला तरी त्यांतील प्रकाश व मांडणी यांनी तें थोर होऊं शकतें, हें त्याचें मत. सेनिगाल्लियांत त्यानें होतकरू मंडळींना जमवून गांवच्या नदीच्या नांवानें ‘मिसा’ हें दुसरें मंडळ काढलें. जाकोमेल्ली त्यांत सामील झाला. मांडणी म्हणजे काय, चित्राची चौकट कोठें संपवावी, हें तो येथें शिकला.

परंतु गुरु आणि शिष्य यांच्या प्रकृतींत जमीन-अस्मानाचें अंतर होतें. काव्हाल्लीचीं चित्रें म्हणजे सकाळचें कोंवळें ऊन. त्यांत दुधासारखा शुभ्रपणा आणि करड्या रंगाच्या नाजूक छटा. शिष्याला या छटांशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. त्याला हवा होता कोळशासारखा काळा काळा आणि चुन्यासारखा पांढरा पांढरा. १९५५ सालीं कास्तेलफ्रांको व्हेनेतो येथील राष्ट्रीय स्पर्धेंत त्याचीं चित्रें परीक्षकांपुढें आलीं. परीक्षकांपैकीं पाओलो मोंती हा स्वतः नामांकित छायाचित्रकार होता. या अपरिचित छापखानेवाल्याचें काम पाहून तो चकित झाला आणि त्यानें त्याचा मुक्तकंठानें गौरव केला. त्या दिवसापासून इटालियन छायाचित्रणांत नवा माणूस आला, हें जाणत्यांना कळून चुकलें.

त्याच्या कृतीचें मर्म समजण्यासाठीं काळोख्या खोलींत काय चालतें हें थोडें जाणून घेतलें पाहिजे. छायाचित्राचा कागद निरनिराळ्या प्रतींचा मिळतो. मृदु प्रतीच्या कागदावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अनेक मधल्या छटा उमटतात. कडक प्रतीच्या कागदावर त्या मधल्या पायऱ्या गळतात आणि दोन टोंकें तेवढीं उरतात. सामान्य छायाचित्रकार मध्यम कागद घेऊन सर्व छटा राखण्याची खटपट करतो. जाकोमेल्ली मुद्दाम कडक कागद घेई. चित्राचा एखादा भाग हातानें झांकून तो पांढरा ठेवी, दुसऱ्यावर अधिक उजेड पाडून तो पार काळा करी, आणि नको असलेला तपशील अशा रीतीनें बुडवून टाकी. खिळे जुळविणाऱ्या माणसाची ही दृष्टि आहे. खिळ्याला शाई लागते किंवा लागत नाहीं. तेथें करडा रंग संभवत नाहीं. दिवसभर ज्या डोळ्यांनीं कोऱ्या कागदावर काळीं अक्षरें पाहिलीं, त्यांनींच रात्रीं माणसांकडे आणि डोंगरांकडे पाहिलें, एवढाच काय तो फरक.

त्याचीं हत्यारेंहि अशींच साधीं. कोबेल नांवाचा जो कॅमेरा त्यानें पुढें आयुष्यभर वापरला, तो जागोजाग दुरुस्त केलेला आणि चिकटपट्ट्यांनीं बांधून ठेवलेला असे. हत्याराच्या नांवानें बोटें मोडणाऱ्या हौशी मंडळींनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१९५४ च्या सुमारास तो पुन्हां त्या वृद्धाश्रमांत गेला. आरंभीं कॅमेरा बरोबर न नेतां तो नुसता म्हाताऱ्यांजवळ बसे, बोले. नंतर जीं चित्रें त्यानें घेतलीं, तीं आजहि पाहणाऱ्याला दचकवितात. दिव्याच्या एकाएकीं पडलेल्या झोतांत सुरकुत्यांचें जाळें, बोळकें झालेलें तोंड, खाटेवर टाकलेल्या गाठोड्यासारखें शरीर, हें सर्व निर्दयपणें स्पष्ट दिसतें. हा विषय तो लवकर सोडणार नव्हता. पुढें कित्येक वर्षें तो त्या इमारतींत पुनःपुन्हां गेला. १९६६ मध्यें त्यानें या मालेला चेझारे पावेझे या कवीच्या, मृत्यूविषयींच्या एका प्रसिद्ध कवितेवरून नांव दिलें.

येथें एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. असहाय म्हाताऱ्या माणसांचें दैन्य असें जगापुढें मांडणें हें सभ्यपणाचें आहे काय? ज्यांना प्रतिकार करण्याची शक्ति नाहीं, त्यांच्या दुर्दशेवर कलावंतानें आपली कीर्ति उभारावी काय? हा प्रश्न फार खरा आहे, आणि छायाचित्रकलेला तो जन्मतःच चिकटलेला आहे. जाकोमेल्लीच्या बाजूनें इतकें निश्चित म्हणतां येईल कीं, तो या जागेंत पाहुणा म्हणून शिरला नव्हता. या घराचीं धुणीं त्याच्या आईनें धुतलीं होतीं. याच घरांतील एका बाईच्या पैशानें त्याचा छापखाना उभा राहिला होता. मृत्यूपेक्षां म्हातारपणाचें भय आपल्याला अधिक वाटतें, असें तो सांगत असे. म्हणजे त्या खाटांवर तो परक्यांना पाहत नव्हता. तो आईला पाहत होता आणि उद्यांच्या स्वतःला पाहत होता. दयेच्या गोड पडद्याआड म्हातारपण झांकून ठेवणें ही समाजाची रीत आहे. तो पडदा त्यानें दूर केला. तें दृश्य सोसवत नाहीं, यांत दोष चित्राचा किती आणि ज्यांनी त्या माणसांना तेथें आणून सोडलें त्यांचा किती, याचा निवाडा पाहणाऱ्यानें स्वतःच्या मनाशीं करावयाचा आहे.

१९५७ सालीं तो फ्रान्समधील लूर्द येथें गेला. तेथील झऱ्यावर बरें होण्याच्या आशेनें येणाऱ्या रोग्यांचीं त्यानें चित्रें घेतलीं. त्याच वर्षीं, आणि पुन्हां १९५९ मध्यें, तो आब्रुझ्झो प्रांतांतील स्कान्नो या डोंगरी गांवांत गेला. तेथील बायका तेव्हां पायघोळ काळा पोशाख करीत. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यानें पूर्वीं याच गांवाचीं चित्रें घेतलीं होतीं. पण जाकोमेल्लीच्या हातीं तें गांव एखाद्या स्वप्नांतल्यासारखें झालें. त्यांतील एक चित्र जगप्रसिद्ध आहे. एक मुलगा खिशांत हात घालून समोरून चालत येत आहे. त्याच्या भोंवतीं काळ्या वस्त्रांतील बायका अस्पष्ट छायांसारख्या सरकत आहेत. स्पष्ट आहे तो फक्त मुलगा. वृद्धत्वाच्या काळ्या गर्दींतून एक कोंवळें आयुष्य वाट काढीत आहे, असा भास होतो. न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयांतील छायाचित्र विभागाचा प्रमुख जॉन शार्कोव्स्की यानें हें चित्र निवडून १९६४ सालच्या आपल्या प्रदर्शनांत मांडलें. सेनिगाल्लियांतील छापखानेवाल्याचें नांव अशा रीतीनें समुद्रापलीकडे गेलें.

१९६१ ते १९६३ या काळांत त्यानें आपल्याच गांवांतील धर्मशाळेंत, म्हणजे भावी पाद्री जेथें शिकतात त्या विद्यालयांत, चित्रें घेतलीं. हे विद्यार्थी म्हणजे विशीच्या आंतबाहेरचे तरुण. अंगांत पायघोळ काळे झगे, चेहऱ्यावर व्रताचें गांभीर्य. पण बर्फ पडलें कीं हें गांभीर्य कोठच्या कोठें जाई. ते हातांत हात घालून फेर धरीत, बर्फाचे गोळे करून एकमेकांवर फेंकीत. जाकोमेल्लीनें तें वरून पाहिलें आणि बर्फ म्हणजे कोरा कागद व झगे म्हणजे त्यावरील अक्षरें असें मानून चित्रें केलीं. त्यांत जमीन नाहीं, आकाश नाहीं. पांढऱ्या पोकळींत काळ्या आकृति आनंदानें तरंगत आहेत. पुढें धूम्रपान या विषयावरील एका स्पर्धेसाठीं त्यानें या विद्यार्थ्यांच्या हातीं सिगार दिले आणि तीं चित्रें घेतलीं. हें कळतांच चालकांनीं त्याला दार बंद केलें. त्या मालेला त्यानें नांव दिलें तें कवि आणि धर्मगुरु दावीद मारिआ तुरोल्दो याच्या एका काव्यावरून. मायेचा स्पर्श न लाभलेल्या एकाकी माणसाचें दुःख तीत सुचविलें आहे. त्यामुळें तें नृत्य पाहतांना मन हंसतें आणि दुसऱ्याच क्षणीं गंभीर होतें. ज्यांचा संसार कधीं होणार नाहीं अशा मुलांचा तो खेळ आहे, ही जाणीव चित्रांच्या तळाशीं राहते.

माणसांइतकेंच त्याचें प्रेम जमिनीवर होतें. मार्के प्रांतांत शतकानुशतकें शेती चालत असे ती बहुतेक ‘मेझ्झाद्रीया’ पद्धतीनें: जमीन मालकाची, मेहनत कुळाची, आणि पीक दोघांत निम्मेनिम्म. आपल्याकडे यालाच अर्धेलीनें शेत करणें म्हणतात. १९६४ च्या कायद्यानें असे नवे करार इटलींत बंद झाले. तत्पूर्वींच तरुण मंडळी शहरांकडे आणि कारखान्यांकडे वळूं लागलीं होतीं. बैलांची जागा ट्रॅक्टरनें घेतली होती. याच संधिकालांत, १९६४ ते १९६६ मध्यें, जाकोमेल्लीनें सेनिगाल्लियाजवळील एका शेतकरी कुटुंबाच्या सहवासांत राहून पेरणी, कापणी, लग्न, मरण असें त्यांच्या जीवनाचें चक्र टिपलें. या मालेचें नांव ‘चांगली भूमि’.

टेकड्यांवरील शेतांचीं चित्रें तर तो आरंभापासून अखेरपर्यंत घेत राहिला. कधीं उंच टेकाडावरून, पुढें विमानांतूनहि. या चित्रांत क्षितिज बहुधा नसतेंच. नांगराचे तास हेच त्यांतले सर्वस्व. ते म्हाताऱ्याच्या कपाळावरील आंठ्यांसारखे किंवा तळहातावरील रेषांसारखे दिसतात. आणि येथें त्याचें एक धाडस सांगितलें पाहिजे. पुष्कळदां तो ट्रॅक्टर चालविणाऱ्या शेतकऱ्यास विनंती करी, कीं या वावरांत अमुक ठिकाणीं एक तास ओढ, तेथें असें वळण घे. म्हणजे चित्र आधीं जमिनीवर काढलें जाई आणि मागाहून कागदावर. जमीन थकत चालली आहे हें दाखविण्यासाठीं त्यानें मुदत संपलेली फिल्महि मुद्दाम वापरली.

छायाचित्र म्हणजे सत्याची साक्ष, असें मानणाऱ्यांस ही लबाडी वाटेल. पण जरा विचार केला तर प्रश्न एवढा सोपा नाहीं असें दिसेल. वर्तमानपत्रांतील छायाचित्रानें साक्षीदाराचें काम करावें हें खरेंच. तेथें एक रेघहि वाढवितां कामा नये. परंतु जाकोमेल्लीनें आपण बातमी सांगत आहों असें कधीं भासविलें नाहीं. तो कवि होता. शेतांतील तास हीं त्याचीं अक्षरें होतीं, आणि कवीला अक्षरांची जागा ठरविण्याचा अधिकार असतोच. मात्र त्यानें खोटें रचलें असेंहि नव्हे. शेतकरी त्याच गांवचा, जमीन तीच, नांगरट खरी; त्यानें आणलें तें फक्त त्या भूमीचें वेदनेनें भरलेलें रूप उजेडांत.

कवितेशीं त्याचें नातें शेवटपर्यंत घट्ट राहिलें. १९६४ सालीं लुईजी क्रोचेन्झी याच्या योजनेवरून त्यानें लेओपार्दीच्या सिल्विया नांवाच्या मुलीवरील काव्यास अनुसरून चित्रमाला केली. अमेरिकन कवि एडगर ली मास्टर्स याच्या काव्यसंग्रहांत स्मशानांतील मृत माणसें आपापली कहाणी सांगतात. त्यांतील एका स्त्रीच्या मनोगतावर जाकोमेल्लीनें पुढें एक माला रचली. तींत एका चित्रावर दुसरें चित्र उमटविलें आहे, जशी एका आठवणीवर दुसरी आठवण चढते. कवितेला चित्राची जोड देणें हें काम सोपें नाहीं. बहुधा चित्र कवितेचें ओझें वाहणारा हमाल होऊन बसतें. जाकोमेल्लीनें ही चूक केली नाहीं. कविता वाचून मनांत जें उठलें त्याचेंच त्यानें चित्र केलें.

१९७८ मध्यें व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनांत त्याचीं भूमिचित्रें मांडलीं गेलीं. १९८० मध्यें पार्मा विद्यापीठानें त्याच्या कामाचें मोठें प्रदर्शन भरविलें आणि त्यावर ग्रंथ काढला. आल्बेर्तो बुर्री यासारखा विख्यात चित्रकार त्याचा स्नेही झाला. परंतु या सर्व मानसन्मानाच्या काळांतहि त्याला भेटावयास येणाऱ्यांना तो छापखान्यांतच भेटे. शेवटच्या वर्षांत, आजारपणानें घेरलें असतां, त्यानें जी माला केली तींत तो स्वतःच चित्राचा विषय झाला: मुखवटे, खोटा कुत्रा, पक्षी आणि त्यांच्यामध्यें एक पांढऱ्या केसांचा म्हातारा. ज्या म्हातारपणाचें भय त्यानें चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीं आश्रमांतल्या खाटांवर पाहिलें होतें, त्याला तो आतां समोरून भेटला. आणि आश्चर्य असें कीं, त्या भेटींत भयापेक्षां खेळकरपणा अधिक आहे.

२०२५ सालीं त्याच्या जन्माला शंभर वर्षें झालीं, तेव्हां रोम आणि मिलान या दोन्ही शहरांत त्याचीं मोठीं प्रदर्शनें भरलीं. सेनिगाल्लियाच्या संग्रहालयांतहि त्याचीं चित्रें जपून ठेविलीं आहेत. तेरा वर्षांच्या शिक्षणशून्य उमेदवाराला एवढी मान्यता मिळाली ती कोणत्या गुणावर? मोठें शहर त्यानें पाहिलें नव्हतें असें नाहीं. पण त्यासाठीं त्यानें आपलें गांव टाकलें नाहीं. उत्तम यंत्र त्याला मिळालें नसतें असें नाहीं. पण त्यासाठीं तो अडून बसला नाहीं. जें जवळ होतें, म्हणजे आईचें कष्टाचें ठिकाण, शेजारची धर्मशाळा, गांवाबाहेरची नांगरट, त्याकडेच तो पन्नास वर्षें टक लावून पाहत राहिला, आणि पाहतां पाहतां त्याला त्यांत सर्व माणसांचें जन्म-मरण दिसलें.

यंत्राच्या पोटीं कला जन्मूं शकते काय, हा आरंभीचा प्रश्न. जाकोमेल्लीचें उत्तर असें कीं, कला यंत्राच्या पोटीं जन्मत नाहीं. ती पाहणाऱ्याच्या आयुष्यांतून जन्मते, आणि यंत्र ही केवळ सुईण. धुणें धुणाऱ्या आईनें पाहिलेलें दुःख मुलानें कागदावर काळ्या रंगांत उतरविलें, आणि तो काळा रंग इतका खोल उतरला कीं तो आतां पुसला जाणें शक्य नाहीं.